मेंदीच्या दिवशीची वायर

नाझमीनची सोयरीक पक्की झाली तेव्हा तिचा भाऊ रमीझ भर समुद्रात होता. बातमी त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत घरातली साखर वाटून झाली होती, पाहुणे बांद्याला परत गेले होते आणि निकाहची तारीखही ठरली होती. जहाजाच्या इंजिनरूममध्ये काम करणारा तो दांडगा गडी फोनवर लहान मुलासारखा रुसला. "माका सोडून सगळा उरकलास ना? बरा केलास!" असं म्हणाला आणि फोन ठेवायला निघाला. तेव्हा नाझमीनने त्याला शब्द दिला, की मेंदीच्या दिवशी तू आमच्यात असशील. कसा, ते माझ्यावर सोड.

असा शब्द देणं तिलाच शोभत होतं. वेंगुर्ल्याच्या एका कॉलेजात संगणकांचं नेटवर्क सांभाळायचं काम ती करायची. कुठल्या खोलीत वायर न्यायची, कुठला डबा कुठे बसवायचा, प्राचार्यांच्या खोलीतलं वायफाय का गेलं, हे सगळं तिच्याकडे. तिची आई सलमा हिला मात्र हे काम कधी मनापासून पटलं नव्हतं. एकदा कॉलेजच्या कार्यक्रमाला गेली असताना तिने लेकीला शिडीवर चढून छताला वायर ठोकताना पाहिलं होतं, आणि तेव्हापासून कोणी विचारलं की "चेडू काय करता?" तर ती म्हणायची, "शिडयेवर चढता."

लग्नाच्या आठवड्यात तर शिडी घरातच आली. शिरोड्याच्या बाजारामागे त्यांचं घर, भिंती चिऱ्याच्या, हातभर जाडीच्या. इंटरनेटची लाईन ओटीवर यायची, तिथेच राउटर होता. त्या भिंतींमुळे वायफाय स्वयंपाकघरापर्यंत पोचतानाच दमून जायचं, आणि मेंदीचा मांडव तर मागच्या अंगणात, माडांच्या सावलीत. म्हणून नाझमीनने ओटीवरून एक वायर कौलांखालून मागे आणली, मांडवाच्या खांबाला एक स्विच टांगला आणि त्याच्यातून एक वायर मोठ्या टीव्हीला, एक मांडवातल्या वायफायच्या डब्याला अशा फांद्या काढल्या. शेजारच्या सत्यवानकाकांच्या पडवीत पुरुषमंडळी बसणार होती. त्यांनाही रमीझ दिसावा म्हणून तिकडे न्यायची एक लांब वायर स्विचमध्ये खोचून तिचं वेटोळं खुंटीवर अडकवून ठेवलं. ती तेवढी कुंपणापलीकडे न्यायची राहिली होती.

"लगीन तुझा आसा की केबलवाल्याचा?" शिडीखालून सलमाने विचारलं.

"दोघांचा," नाझमीन तोंडातला खिळा काढून म्हणाली.

सत्यवानकाका कुंपणाशी उभे राहून सगळं निरखत होते. सारी नोकरी त्यांनी एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. निवृत्त झाले तरी कुठेही पसारा दिसला की त्यांचा हात शिवशिवायचा. मांडवातल्या खुर्च्या रांगेत नसल्या तर ते अस्वस्थ व्हायचे.

"ह्या टांगलेल्या पेटयेचा काम काय?" त्यांनी विचारलं.

"ती स्विच, काका. रमीझचा चित्र हयसर एकदम येणा नाय. बारीक बारीक तुकडे होऊन येता. प्रत्येक तुकड्यावर पत्तो लिवलेलो आसता, खंयसून इलो, खंय जाऊचो. ही पेटी पत्तो वाचता आणि ज्याचा त्याका धाडता."

"म्हणजे कंट्रोलरच की!" काका खूश झाले. त्या दिवसापासून त्या डब्याकडे ते आपलेपणाने बघू लागले. घोटाळा पुढे झाला तो या आपलेपणामुळेच.

मेंदीचा दिवस उजाडला. रमीझचं जहाज बेल्जियमच्या एका बंदराला लागलं होतं आणि खलाशांच्या क्लबात चांगलं वायफाय होतं. आपल्याकडे दुपार झाली की तिकडे सकाळ. त्यानंतर जहाज सुटणार, म्हणजे मधले काही तासच काय ते हातात. जेवणं उरकून बायका मांडवात जमल्या. कुडाळहून मेंदी काढायला दिव्या आली होती. वयाने लहान, पण कामात भारी कडक. नाझमीनचे दोन्ही हात तिने कोपरापर्यंत भरले आणि दम दिला, "आता सुकासर हात हालवायचो नाय. चावलो डास तरी चावांदे."

टीव्हीवर रमीझ आला. दाढी वाढलेली, डोळ्यांत झोप, पण हसू कानापर्यंत. "अस्सलाम आलेकुम मंडळी!" तो ओरडला आणि सगळा मांडव त्याला उत्तर देता देता हसायला लागला. सलमा पुढे झाली. "किती काळो झालंस रे! जेवतस ना नीट?" बायकांनी गाणं धरलं. रमीझ तिकडून टाळ्या वाजवायला लागला.

आणि दोन्ही हात वर, तोंड उघडं, अशा अवस्थेत तो थिजला.

आधी सगळ्यांना गंमत वाटली. कोणी म्हणालं, जांभई देतोय. मग चित्राचे चौकोन झाले, आवाज घरघरला आणि टीव्ही काळा पडला. मांडवातले मोबाईलही गप्प झाले. गाणं अर्ध्यावर राहिलं.

नाझमीन उठायला गेली. "हात!" दिव्या किंचाळली. नाझमीन पुन्हा बसली. समोर दोन्ही पंजे पसरलेले, त्यांच्यावर ओली हिरवी नक्षी, आणि ज्या कामात तिचा हातखंडा तेच काम समोर पडलेलं. हात सोडून बाकी सगळं तिच्याकडे होतं.

"अम्मी," ती म्हणाली, "माझे हात तू हो."

सलमाने पदर खोचला. "सांग. काय करू?"

"आधी ओटीवर जा. राउटरच्या बाजूक एक पेटी आसा, तिच्यावर लाल दिवो पेटलो काय बघ."

सलमा लगबगीने गेली आणि परत आली. "लाल नाय. हिरवो आसा."

"म्हणजे बाहेरची लाईन बरी आसा. इंटरनेट दारापर्यंत येता. घोटाळो घरात आसा." नाझमीनने मनातल्या मनात एक फांदी छाटून टाकली. कॉलेजातही ती असंच करायची, आधी बाहेरचं तपासायचं, मग एकेक पाऊल आत यायचं. "आता राउटर बंद करून चालू कर."

ते काम तिच्या अब्बांनी, मुस्तफांनी केलं. ते ओटीवरच बसले होते. टीव्ही क्षणभर जागा झाला, रमीझचं कपाळ तेवढं दिसलं, बायकांनी "इलो, इलो!" म्हणेपर्यंत पुन्हा अंधार.

मांडवात सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं टीव्हीला दोन थापा मारा. कोणी म्हणालं रमीझच्या बाजूलाच बिघाड असेल, तिकडे थंडी फार. काकांच्या पत्नी सुगंधाकाकू म्हणाल्या की सगळ्या बायका एकदम मोबाईलवर फोटो पाठवतायत, वाट अडणारच. हे काही अगदीच खोटं नव्हतं, म्हणून नाझमीनने सगळ्यांचं वायफाय बंद करायला लावलं. तरी टीव्ही काळाच.

"अम्मी, माझो लॅपटॉप घे. मी सांगतंय ता लिव." सलमाने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, लेक सांगेल ते टाइप केलं. मग आकडे आले.

"एकशे ब्याण्णव. टिंब. एकशे अडुसष्ट. टिंब."

"ह्यो कोणाचो नंबर?"

"आपल्या राउटरचो. घरातल्या प्रत्येक यंत्राक असो एक नंबर आसता. आपण तेका हाक मारतव. ओ दिता काय बघूया."

सलमाने बटण दाबलं आणि चष्मा वर करून पडद्याकडे टक लावली. ओळीमागून ओळ उमटत गेली, पण उत्तराची एकही नाही. मग एक आलं, तेही फार उशिरा. मग पुन्हा काही नाही.

"ओ देणा नाय," सलमा म्हणाली. "एकदाच दिल्यान, ता पण भुतान दिल्यासारख्या."

नाझमीन विचारात पडली. राउटर चालू आहे, हाकेच्या अंतरावर आहे, आणि हाक पोचत नाही. म्हणजे मधल्या वाटेवर कोणीतरी आरडाओरडा करतंय. "माका वाटता खंयचो तरी पोर्ट अडाकलो," ती पुटपुटली.

ओटीवरून येणाऱ्या मुस्तफांनी तेवढंच ऐकलं आणि ते दारातच थबकले. "पोर्टात अडाकला? रमीझचा जहाज अडाकला?"

"नाय ओ अब्बा! ह्यो पोर्ट म्हणजे वायर घालूचा भोक!"

"मगे भोक म्हण ना," मुस्तफा छातीवर हात ठेवून खुर्चीत बसले. "माजो जीव गेलो असतो."

हसण्याची एक लाट मांडवभर फिरली. नाझमीनही हसली, पण तिची नजर अब्बांच्या मनगटावरच्या घड्याळावर होती. तिकडे क्लबात रमीझ फोन हातात धरून बसला असेल, पुन्हा पुन्हा लावून बघत असेल. दिलेला शब्द मोडतोय की काय, ही एकच टोचणी तिला लागली होती.

"अम्मी, आता स्विच बघ."

सलमा उठली आणि तडक घरात गेली. आतून तिचा आवाज आला, "खंयचो? पंख्याचो की लाईटीचो?"

"अम्मी! भिंतीवरचो नाय! खांबाक टांगलेली पेटी!"

"तुमच्या धंद्यात एकाच नावाच्या किती वस्तू आसत गो?" सलमा कुरकुरत मांडवामागच्या खांबाशी पोचली. तिथून मात्र तिचा सूर बदलला. "नाझमीन, हे दिवे वेड्यासारखे करतत."

"म्हणजे कसे?"

"सगळे एकदम. लुकलुक लुकलुक. दम म्हणान खावक नाय. सकाळी मी झाडू मारी होतंय तेव्हा आरामात मिणमिणी होते, एक आता, एक मगे."

नाझमीनच्या अंगावर सरसरून काटा आला, पण तो आनंदाचा होता. दिवे असे एकजात कधी नाचतात ते तिला पक्कं ठाऊक होतं. आणि आईने सकाळचे दिवे कसे होते ते लक्षात ठेवलं होतं. कॉलेजात कोणी तक्रार घेऊन आलं की ती हेच विचारायची, आधी कसं होतं, आता कसं आहे? सहसा कोणालाच सांगता यायचं नाही.

"अम्मी, तेच्यात मोकळी भोकां किती दिसतत?"

"एकव नाय. सगळी भरली."

"मी एक मोकळा ठेवललंय!"

आता तिला बसवेना. ती उठली. दिव्याने कपाळावर हात मारला, मग नाइलाजाने एक कोपर तिने धरलं, दुसरं सुगंधाकाकूंनी. झोपेत चालणाऱ्या माणसासारखे दोन्ही हात पुढे पसरून नवरी खुर्च्यांच्या रांगेतून निघाली, मागून एकीने ओढणी उचलून धरली, आणि उरलेल्या बायका काय चाललंय ते बघायला मागोमाग. खांबाशी पोचेपर्यंत छोटी मिरवणूकच झाली.

"अम्मी, एक एक वायर धर आणि बोटान तेच्या मागसून जा. खंयव सोडू नको. ती खंय जाता ता माका सांग."

सलमाने पहिली धरली. ती कौलांखालून ओटीकडे गेली. बरोबर. दुसरी टीव्हीला. बरोबर. तिसरी वायफायच्या डब्याला. मग तिने आणखी एक धरली. ती खुंटीवरच्या वेटोळ्यात शिरली. सलमाने वेटोळं उतरवलं, एकेक फेरा मोकळा करत, लोकर गुंडाळल्यासारखी वायर हातावर घेत गेली. बोट फिरत फिरत खाली आलं, खांबाशी आलं आणि परत त्याच डब्यापाशी थांबलं.

सलमाने एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "ही वायर खंयच जाणा नाय गो! निघाली थयच परत इली!"

"काढ! एक टोक काढ!"

बारीकसा टक आवाज झाला. डब्यावरचे दिवे एकदम शांत झाले. एक मिणमिणला, थांबला, मग दुसरा. मांडवात सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला.

"पण हा केल्यान कोणी?" सुगंधाकाकूंनी विचारलं आणि विचारता विचारताच त्यांची मान आपोआप नवऱ्याकडे वळली.

सत्यवानकाका कुंपणाजवळ उभे होते. हातात पाहुण्यांसाठी आणलेली दोन खुर्च्यांची चळत तशीच होती. चेहरा पार उतरलेला. "मी," ते म्हणाले. "वेटोळ्यातसून एक टोक खाली लोंबकळी होता. माका वाटला निसाटला. भोक मोकळा दिसला, घातलंय. माका काय म्हायत... पोरी, मी तुझ्या भावाक..."

नाझमीनला त्यांच्याजवळ जाऊन हात धरावेसे वाटले, पण हात धरण्याजोगे नव्हते. "काका, ती वायर तुमच्याच घराक नेऊची होती. मी आळस केलंय, नेवक नाय. चूक माझी."

"पण एका वायरीन सगळा कसा बंद पडता?" काकांना आता अपराधापेक्षा कुतूहल जास्त छळू लागलं होतं.

"तुम्ही स्टँडवर माईकवरसून सांगी होतात मा? सावंतवाडीची गाडी लागली म्हणान?"

"तीस वर्सा!"

"तसाच नेटवर्कात पण चलता. कोणाचो पत्तो म्हायत नसलो की यंत्रा सगळ्यांका उद्देशून ओरडतत, अमक्या नंबरचो कोण रे? स्विच ती हाक सगळ्या वायरींत सोडता. आता समजा तुम्ही कर्णो उचलून माईकासमोर ठेवलात, तर काय होता?"

काकांनी खुर्च्या खाली ठेवून दोन्ही कानांवर हात ठेवले. "कुंईऽऽऽ! अख्खो स्टँड बहिरो!"

"ताच झाला. गेलेली हाक त्याच पेटयेत परत इली, परत सुटली, परत इली. बिचाऱ्या रमीझचो आवाज खंय आयकाक येतलो?"

काका मोठ्याने हसले, आणि हसता हसताच त्यांनी डोळे पुसले. मग त्यांनी सलमाच्या हातातून वायरीचं मोकळं टोक घेतलं, हळदीच्या पानांतून वाट काढत कुंपणापलीकडे नेलं आणि पडवीतल्या टीव्हीला लावताना पाच वेळा ओरडून विचारलं, "हयसरच ना? नक्की हयसरच?"

टीव्ही उजळला. रमीझ होता तिथेच होता, फक्त आता त्याच्या मागे क्लबातले आणखी चारपाच खलाशी गोळा झाले होते. बहिणीच्या लग्नात भावाचं चित्र गेलं म्हणून ते सगळे हळहळत उभे होते. इकडून मांडव दिसताच त्यांनी जो जल्लोष केला, त्याने कुंपणावरची कोंबडी उडाली. एक फिलिपिनो स्वयंपाकी नाचायलाच लागला. अर्धवट राहिलेलं गाणं बायकांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं.

"हात दाखय गो," रमीझ म्हणाला.

नाझमीनने दोन्ही हात टीव्हीवर बसवलेल्या कॅमेऱ्यासमोर धरले. डाव्या मनगटावर एक फूल फिसकटलं होतं, मिरवणुकीत कोणाचा तरी पदर लागला असणार. दिव्याने जीभ चावली, मेंदीचा कोन उचलला आणि तिथल्या तिथे त्या फुलाचं पान करून टाकलं. रमीझ पडद्याजवळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "बरी दिसतस," आणि तोंड वळवून कोणाशी तरी उगाचच बोलायला लागला.

सलमा लेकीशेजारी टेकली. पदराने गळ्यावरचा घाम पुसला. बोटांना वायरीची धूळ लागली होती, ती तिने पुसली नाही. "तू कॉलेजात रोज असाच करतस?" तिने हळूच विचारलं.

"असाच. बाहेरसून सुरू करायचा, एक एक वगळीत आत येवचा."

"आणि गावला की असाच वाटता?"

"कसा?"

सलमाने नुसती छातीवर मूठ ठेवून उघडली. नाझमीनने मान डोलावली. शिडीचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. बांद्याच्या विहीणबाईंची बहीण तेवढ्यात पाहुणी म्हणून येऊन बसली होती. तिने कौतुकाने विचारलं, "नवरी नोकरी करता म्हणे?" तेव्हा सलमा ताठ बसून म्हणाली, "करता म्हणजे? वेंगुर्ल्याचा अख्खा कॉलेज तिच्यार चलता."

नाझमीन ओठ दाबून हसली. हे जरा जास्तच झालं होतं, पण आज तिला दुरुस्ती करायची नव्हती.

मग सांदणं आली. वाफेवरून नुकती उतरलेली, गुळाची, वर नारळाचा रस. नवरीचे हात बांधलेले, म्हणून सलमाच घास करून भरवू लागली. पडद्यावरून रमीझने ते पाहिलं आणि तो खुर्ची पुढे सरकवत म्हणाला, "अम्मी, माका?"

सलमाने सांदणाचा मोठा तुकडा रसात बुडवला आणि सरळ टीव्हीसमोर नेऊन धरला. तिकडे रमीझने डोळे मिटून आ केला. त्याच्या मागे त्या फिलिपिनो स्वयंपाक्यानेही आ केला. मग बाकीच्यांनीही. रसाचा एक थेंब टीव्हीच्या काचेवरून खाली ओघळला, मांडव हसून हसून वाकला, आणि सलमा तोंडावर पदर धरून उभी राहिली, हसतेय की रडतेय ते तिचं तिलाच कळत नव्हतं.